अर्धा फूट वजा

मामा, तुझा फ्लेक्स लागलाय. रोहा स्टँडच्या बाहेर, रिक्षा उभ्या राहतात त्या भिंतीला. फोटो माझ्या ताईच्या लग्नातला हाय. त्यातला फेटा काढून टाकलाय काँप्युटरवर आणि फेट्याच्या जागी कोणाचे तरी केस बसवलेत. एवढे केस तुला शाळेतपण नव्हते. तू बघितलं असतंस तर बोलला असतास, "बरं झालं मेलो, निदान टक्कल तरी गेलं."

खाली लिहिलंय 'कै. अनंत मिस्त्री'. त्याच्या पुढं कंसात 'ठिगळ मिस्त्री'.

मी तसाच फ्लेक्सवाल्याकडं गेलो. बोललो, "ठिगळ कशाला टाकलंस रे?" तो शेंगदाणे खात होता. बोलला, "अरे, नायतर लोकांना कळणार कसं कोण गेला? अनंत मिस्त्री रोह्यात चार असतील. ठिगळ मिस्त्री एकच."

मी परत आलो. त्याला काय सांगू? सगळ्यांना वाटतं हे नाव गावानं ठेवलं. गावानं कुठलं? स्टेजवर माईक हातात घेऊन मी ठेवलं. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं. आता मला एकट्यालाच माहीत हाय. तुला जाऊन सोळा दिवस झाले आणि ह्या सोळा दिवसांत मला तुझा जेवढा राग आलाय तेवढा तू होतास तेव्हा कधी आला नाय.

तुझ्यावर मी नकला शिकलो. एसटीचा कंडक्टर, स्टेशनवरची बाई, आमचे पेणचे हेडसर, हे सगळे नंतरचे. पहिला तू. तू बोलायला सुरुवात करायच्या आधी एकदा खोकायचास, मग "हां... बघ", मग कानामागची पेन्सिल काढून जिभेला लावायचास. तेवढं केलं तरी आई पोळपाटावर डोकं ठेवून हसायची. "माझ्या भावाला सोड रे मेल्या," बोलायची, आणि लगेच, "अजून एकदा कर."

पेणला बारावी करून मी रोह्याला तुझ्याकडं आलो तेव्हा तुला वाटलं असेल, भाचा धंदा शिकेल. मला वाटलं, मामाकडं राहिलो तर आईची कटकट नाय. धाटावच्या रस्त्याला तुझी पत्र्याची शेड. ग्रिल, गेट, जिने सगळंच करायचास, पण तुझा जीव कमानीत. हमरापूरचा एक मूर्तिकार मोठ्या गणपतीच्या प्रभावळीला लोखंडी चौकट तुझ्याकडूनच बनवून न्यायचा. त्या प्रभावळीवरच तू मला पहिल्यांदा तुझा हिशेब दाखवलास.

"हां... बघ. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ मोज. तो आडवा. आता बरोब्बर मध्ये उठाव किती पायजे तेवढी काठी उभी कर. टोकापासून काठीच्या शेंड्यापर्यंत मोज. तो तिरका. आठ तिरके घे, एक आडवा वजा कर, तिनानं भाग. कमानीला पट्टी किती लागणार ते आलं."

मी बोललो, "मामा, हे गणित हाय का मच्छीचा मसाला? आठ तिरके, एक आडवा, चवीपुरतं मीठ!"

तू हसलास नाय. बोललास, "मोजून बघ."

मी शाळेत शिकलेला माणूस. मोबाईल काढला. बोललो, असं नसतं मामा, वर्तुळाची त्रिज्या लागते, कोन लागतो, पाय लागतो. त्यावर तू बोललास, "पाय चपलेत ठेव. त्रिज्या कुठून मोजतात?" बोललो, वर्तुळाच्या मध्यापासून. "मग गेटावरच्या चोवीस-पंचवीस फुटी कमानीचा मध्य कुठं येतो सांग." मी हिशेब केला. मध्य आला बारा फूट खाली. तू बोललास, "म्हणजे कोणाच्या दारात कमान लावायची तर आधी तिथं विहीर खणू, आत उतरून टेप लावू, मग वर येऊन पट्टी कापू. व्हय ना?"

शेडमधले दोघंतिघं असे हसले की मला घाम फुटला. दुसऱ्याची नक्कल करणाऱ्याला स्वतःवर हसलेलं सोसत नाय. हे तुला तेव्हाच कळलं होतं का?

त्या दिवशी मी मोबाईलवर पक्का आकडा काढला, तुझा आकडा बाजूला ठेवला आणि चूक शोधायला बसलो. सापडलीपण. सव्वीस-सत्तावीस फुटाच्या कमानीला तुझं माप पाव इंच कमी येत होतं. तुझ्या भाषेत दोन सूत. मी नाचलो. "दोन सूत कमी, मामा! हरलास!"

"येणारच," तू बोललास. "डावीकडं एक सूत, उजवीकडं एक सूत. तेवढं वेल्डिंगला लागतं."



तरी मी सोडलं नाय. आठवड्यानं नवीन मुद्दा आणला. अर्धगोल. दहा फुटाच्या दारावर पुरा अर्धगोल घेतला तर तुझा हिशेब दोन इंचांच्या वर मार खातो. तू कागद हातात घेतलास, पेन्सिल जिभेला लावलीस, बराच वेळ बघितलंस. मग बोललास, "अर्धगोल एकदम कशाला मोजतोस?" तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "नंतर सांगतो," बोललास. ते नंतर आलंच नाय.

एक गोष्ट मात्र मी कोणाला खोटी सांगणार नाय. तुझ्यासारखा पाईप कापणारा मी बघितला नाय. बाकीचे मिस्त्री पाईप फूट-दीड फूट जास्त ठेवायचे, पेणला मशिनवर वळवून आणायचे आणि मग उरलेलं कापून भंगारात टाकायचे. तू आधीच मापाला कापायचास. मशीन टोकं सरळ सोडतं, ती तू हातानं ठोकून वळवायचास. पेणचा मशीनवाला दर वेळी बोलायचा, "मिस्त्री, जरा जास्त ठेवा ना, माझ्या डोक्याला ताप." तू बोलायचास, "जास्तच ठेवायचं तर मापाला काय ओवाळायचंय?"

आणि ज्याच्या मापाची एवढी मिजास, त्याची टेप तुटकी!

ही टेप मला आजपण कळली नाय. पहिला अर्धा फूट कधीतरी ग्राइंडरखाली तुटून गेला. दुसरा माणूस नवीन आणतो. तू नाय. तू शेडमध्ये कायदाच करून टाकलास. टेपवर जो आकडा दिसेल त्यातून अर्धा फूट वजा. सगळ्यांना सवय झाली. माप सांगितलं की तुझा पुढचा प्रश्न ठरलेला, "वजा केलास ना?" मामीनं एकदा त्याच टेपनं खिडकीचा पडदा मोजला आणि वजा करायची विसरली. पडदा अर्धा फूट लादीवर लोळत होता. ती चिडलेली आणि तू बोललास, "राहू दे गो, लादी आपोआप पुसली जाईल."

आम्ही हसलो. हसायलाच नको होतं. त्याच दिवशी मामीनं ती टेप खिडकीतून बाहेर फेकायला पायजे होती.

मग ती कमान आली. कासूच्या जवळच्या त्या गावाची, वेशीवरची. गावाचं नाव घेत नाय, घ्यायची गरज नाय, तू खालून जातानासुद्धा वर बघायचा नायस. दोन्ही खांब त्यांनी आधीच बांधून ठेवले होते. वर लोखंडी कमान तुझी. उठाव पाच फूट ठरलेला. दोन खांबांमधलं अंतर तेवढं घेऊन यायचं होतं. तुला ताप होता, म्हणून तू मला पाठवलंस. "नीट मोज. एवढंच काम हाय," बोललास.

मला त्या तुटक्या टेपची लाज वाटली, मामा. चार माणसं जमणार, मी तिथं नकलांमुळं थोडा फेमस, आणि हातात काय, तर शेपूट तुटलेली टेप. मी बाजारातून नवीन घेतली. पिवळीधमक. तुला बोललो नाय.

गावात पोचलो तर कमिटीचे अध्यक्ष तात्या स्वतः टेपचं टोक धरायला उभे. आजूबाजूला पोरं. "अरे तो स्टेशनवाल्या बाईचा आवाज काढ ना!" मी एका हातात टेप धरून कासू स्टेशनची अनाउन्समेंट चालू केली. "रोह्याला जाणारी गाडी आज पण उशिरानं येईल, प्रवाशांनी घरून जेवून यावं." तात्या टेप धरून गदागदा हसतायत, टेप हलतेय. आकडा मात्र मी बरोबर वाचला. चोवीस फूट सहा इंच. आणि कागदावर लिहिलं, चोवीस.

हात आपोआप वजा करून मोकळा झाला. तोंड चालू होतं, डोकं लोकांच्या हसण्यात होतं.

घरी आलो. तू गोधडीत. विचारलंस, "वजा केलास ना?"

"केला, मामा."

खोटं बोललो नाय. तू बरोबर विचारलंस, मी खरं सांगितलं, आणि तिथंच तुझी वाट लागली.

ताप उतरल्यावर तू शेडच्या लादीवर खडूनं आखलंस. अर्धा आडवा बारा, उठाव पाच, तिरका मोजलास तर बरोब्बर तेरा. ना सूत इकडं, ना सूत तिकडं. तू एवढा खूश झालेलास! "तेरा! बघ रे, देवाचं माप हाय!" आठ तेरं एकशेचार, चोवीस वजा, ऐंशी, तिनानं भागून सव्वीस फूट आठ इंच. तू पाईपला खडूची खूण केलीस आणि कापलास. मी बाजूला उभा राहून तुझा खोकला पाठ करत होतो. कमान चढेल त्या संध्याकाळी गावात कार्यक्रम होता, त्यात मलापण दहा मिनिटं मिळणार होती.

कमान चढवली तो दिवस. चेन-पुलीनं वर गेली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. डावं टोक खांबावरच्या प्लेटवर टेकलं. उजवं टोक हवेत. खांब तिकडं, टोक इकडं.  मग एक म्हातारी बोलली, "अगो बाय, तोकडी पडली."

तू शिडीवर होतास. शिडी मी धरलेली. तू खाली हात केलास, "टेप दे." माझ्या खिशात नवीनच होती. दिली. तू ती खांबाला लावलीस. मी खालून बघत होतो. तू आकडा वाचला नायस. तू टेपचं टोक बघितलंस, त्याच्यावर अंगठा फिरवलास. नवीन टोक, चकचकीत, शून्यापासून सगळे आकडे जागच्या जागी. मग फट बघितलीस. बरोब्बर अर्धा फूट. मग माझ्याकडं.

खालून तात्या ओरडले, "काय झालं मिस्त्री?"

"माझा हिशेब चुकला," तू बोललास.

मी शिडी धरून होतो, मामा. घट्ट धरली होती. तेवढंच धरलं.

तू पाईपचा तुकडा कापलास, जोडलास, घासलास, रंग दिलास. पण सरळ तुकडा कमानीत कधी लपतो का? उजव्या खांबाजवळ कमानीला गुडघा आल्यासारखा दिसतो. अजून दिसतो.

संध्याकाळी स्टेज. मी कंडक्टर केला, स्टेशनवाली केली, हेडसर केले. पोरं ओरडायला लागली, "मिस्त्रीचा कर! मिस्त्रीचा!" तू दुसऱ्या रांगेत बसलेलास, खांद्यावर पंचा. मी तुला बघितलं. नाय करत, असं बोलता आलं असतं. खोकला काढला. "हां... बघ. आठ तिरके घे. एक आडवा वजा कर. तिनानं भाग. आणि उरेल तिथं... मार ठिगळ!"

खुर्च्या हलल्या, मामा. मागून कोणीतरी ओरडलं, "ठिगळ मिस्त्री!" ते मी माईकवर उचललं. तीनदा बोललो. तुझ्या आवाजात, तुझंच नाव सांगितल्यासारखं. तात्यांनी स्टेजवर येऊन मला शाल-नारळ दिला.

का केलं, हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाय. टाळ्यांसाठी केलं असं तुला वाटलं असेल. टाळ्यांसाठी नाय. घाबरून केलं. लोक तुझ्या हिशेबाला हसत राहिले तर माप कोणी घेतलं हे कोण विचारणार? कोणी विचारलं नाय.

परत येताना तुझ्या स्कूटरवर मागं बसलो होतो. नागोठणं आलं. मग मीच विचारलं, "मामा, राग आला?"

"नाय," बोललास. थोडं पुढं गेल्यावर बोललास, "खोकताना मी तोंड डावीकडं करतो. तू उजवीकडं केलंस."

एवढंच. सबंध जन्मात त्या कमानीबद्दल तू मला एवढंच बोललास.

आता मी बोलतो, ऐकून घे. तू मला मारायला पायजे होतंस. त्या शिडीवरूनच ओरडायला पायजे होतंस, "भाच्यानं माप चुकवलं!" दोन दिवस लोक मला हसले असते, चार दिवस मी तोंड लपवलं असतं, आणि मिटलं असतं. तुला मोठेपणा करायची हौस. तू गप्प बसून मोठा झालास आणि मला कायमचा बारका करून ठेवलास. हा उपकार नाय, मामा. उपकार माणसाला झोपू देतो.

आणि मी काय केलं? नाव वाढत गेलं ते बघत बसलो. धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसमध्ये लोक तुझी शेड आली की खिडकीतून आवाज टाकायचे, "ओ ठिगळ!" कमानीच्या ऑर्डरी घेऊन येणारे बोलायचे, "मिस्त्री, जरा जास्तच ठेवा हां पाईप." हसत बोलायचे, वाईट मनानं नाय. आणि एक दिवस मी बघितलं, तू खडूची खूण केलीस, थांबलास, आणि खुणेच्या पुढं फूटभर सोडून कापलास. पेणच्या मशीनवाल्याला आनंद झाला असेल. मी त्या दिवशी शेडमध्ये थांबलो नाय. तुझा हिशेब बरोबर होता, तुला माहीत होतं बरोबर होता, तरी तू एक फूट जास्त ठेवायला लागलास. तुझ्यात जे होतं ते तिथंच गेलं. सोळा दिवसांपूर्वी अर्धी दाढी करून आरशासमोर खाली बसलास, ते नुसतं बाकीचं.

मग तू शेड बंद केलीस आणि धाटावला काँट्रॅक्टवर वेल्डिंगला जायला लागलास, मी पेणला घरी गेलो. एकदा मी सांगायला आलो होतो, आठवतंय? फर्स्ट शिफ्ट करून आलेलास, पाय पसरून बसलेलास. मी बोललो, "मामा, त्या कमानीचं..." तू बोललास, "चहा घे." मी घेतला. गोड होता. तसाच पेणला परत गेलो.

तीन दिवसांपूर्वी तुझं तेरावं झालं. तात्या आले होते, गावातले सात-आठ जण घेऊन. "मिस्त्री म्हणजे देवमाणूस," बोलत होते. कमानीनंतर एक खिळा तुझ्याकडून घेतला नाय, पण देवमाणूस. जेवणं झाली, हात धुतले, आणि बडीशेप चघळत एक जण बोलला, "काढ रे मामाचा आवाज. एकदा. शेवटचा."

मी बोललो, नको. तात्या बोलले, "अरे, श्रद्धांजलीच हाय ती. ऐकू दे सगळ्यांना."

मग उभा राहिलो. खोकलो, ह्या वेळी डावीकडं तोंड करून. "हां... बघा," बोललो. तुझ्याच आवाजात. "हिशेब बरोबर होता. माप भाच्यानं चुकवलं. टेप नवी होती आणि ह्यानं सवयीनं अर्धा फूट वजा केला. मी तेव्हा बोललो नाय, आता बोलतो."

 मला वाटलं, झालं, सुटलो.

मग तात्या मांडीवर थाप मारून हसले. डोळ्यांना पाणी आलं त्यांच्या. "अगदी सेम! अगदी सेम मिस्त्री! असता ना, तर असंच ढकललं असतं बिचाऱ्या भाच्यावर!" आणि सगळे हसले. टाळ्यापण वाजल्या, तेराव्याला.

मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि त्यात पण तूच खोटा ठरलास.

मामी दारात पत्रावळी गोळा करत होती. ती हसली नाय. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आली. मला वाटलं पाठीवरून हात फिरवेल. बोलली, "खरं हाय ना ते?" मी मान हलवली. तिनं पत्रावळींचा गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. "एवढा हुबेहूब त्यांचा आवाज येतो तुला. तुझा स्वतःचा कुठं गेलेला रे, तेव्हा?"

आत गेली. थोड्या वेळानं तुझी टेप आणून माझ्या पुढ्यात टाकली. तुटकी. "ही ने. घरात नको."

रात्रभर कागद घेऊन बसलो, असं तुला वाटेल. नाय बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली, लादीवर खडूनं आखलं. तुझ्याच पद्धतीनं, साडेचोवीस फूट धरून. उत्तर आलं सत्तावीस फूट, एक इंच, तीन सूत. एवढा पाईप तू कापला असतास, मी कागदावर खरं लिहिलं असतं तर. कमान दोन्ही खांबांवर अशी बसली असती की मुंगीला शिरायला जागा नाय.

मग लादीवर जागा उरली म्हणून अर्धगोल काढला. "एकदम कशाला मोजतोस?" तू बोललेलास. एकदम मोजला नाय. मधून दोन तुकडे केले, एका तुकड्याला तुझा हिशेब लावला आणि दुप्पट केलं. दहा फुटाच्या अर्धगोलाला चूक राहिली जेमतेम एक सूत. तेवढं वेल्डिंगला लागतं. एवढी साधी गोष्ट होती आणि तुझ्याकडं तयार होती. मी परत विचारलं असतं तर तू सांगितलीपण असतीस. मी परत विचारायच्या ऐवजी तुझी नक्कल पाठ केली. तुझं सगळं माझ्याकडं आलं रे, खोकला, पेन्सिल, "हां... बघ". कामाचं होतं तेवढं घ्यायचं राहिलं.

आज दुपारी त्या गावाला गेलो. तुझी टेप घेऊन. कमानीखाली उभा राहिलो. वर गुडघा दिसतोय, रंग दोनदा बदलला तरी. एक जण धाटावची शिफ्ट करून बाईकवर येत होता, हेल्मेट हाताला अडकवलेलं. त्याला थांबवलं. बोललो, जरा टोक धरशील? त्यानं गाडी लावली, टोक धरून त्या खांबाशी उभा राहिला. मी ह्या खांबाशी. टेपवर आकडा आला पंचवीस फूट. अर्धा फूट वजा. साडेचोवीस. ह्या वेळी वजा करायचंच होतं.

तिकडून तो ओरडला, "तू तो नकला करणारा ना रे? ठिगळ मिस्त्रीचा भाचा?"

"व्हय!"

"काय मोजतोस?"

मधून एक टेम्पो जायचा होता, तो थांबला, हॉर्न मारायला लागला. मी ओरडून बोललो, "माप मी चुकवलं होतं! मामाचा हिशेब बरोबर होता!"

त्याच्या तोंडावर हसू आलं, अर्धं. बाकीचं त्यानं राखून ठेवलं. मी पुढं काय बोलतो त्याची वाट बघत राहिला.

"पुढं?" तो बोलला.

"पुढं काय नाय. एवढंच."

 टेम्पोवाल्यानं परत हॉर्न मारला. "पयलेसारखी मजा नाय राहिली तुझ्यात," तो बोलला आणि त्यानं टोक सोडलं.

पंचवीस फुटांवरून ती टेप सळसळत आली, मामा. तुटक्या टोकानं, सरळ माझ्या अंगठ्यावर.